लाल किल्ली कुठे आहे, ताई?

मागच्या अंकात जुन्या धाटणीच्या शूटर गेम्सबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पत्रांचा ढीग पडलाय. निम्मी पत्रं ‘अजून लिहा’ म्हणणारी, निम्मी भांडायला आलेली. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यांनाच. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : १९९० च्या दशकात डूम, क्वेक, ड्यूक न्यूकेम थ्रीडी अशा गेम्सनी एक चाल पाडून दिली. जग खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसतं, समोर बंदूक, पायांना भन्नाट वेग, रंगीत किल्ल्यांनी उघडणारी दारं आणि भिंतीआड लपवलेल्या जागा. त्याच चालीवर, मुद्दाम ओबडधोबड चित्रं ठेवून, आज नवे गेम बनतात. मी स्वतः ते खेळते आणि फावल्या वेळात डूमसाठी मॅपही (म्हणजे खेळायची दालनं आणि वाटा; यालाच लेव्हल म्हणतात) बनवते, तेव्हा माझा कल कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर कुठलाही नवा गेम सहज चालतो, तरी तो ‘डस्क’ नावाचा गेम खेळत बसतो. त्यातली माणसं ठोकळ्यांची वाटतात. जुन्या आठवणी म्हणाव्यात, तर डूम आला तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता. मग याला त्यात दिसतं तरी काय?
— एक आई

उत्तर : आठवणींचा इथे काही संबंध नाही, हे तुम्ही अचूक हेरलंत. या गेम्समध्ये जीव वाचतो तो पायांमुळे. सगळी गंमत तिथे आहे, आणि बाजूला उभं राहून बघणाऱ्याला नेमकी तीच दिसत नाही.

डूममधला इम्प घ्या. हा तपकिरी रंगाचा काटेरी राक्षस आगीचा गोळा फेकतो. तो गोळा डोळ्यांना दिसतो आणि पळणारा खेळाडू त्या गोळ्यापेक्षा वेगवान असतो. म्हणजे गोळा सुटल्यावरही बाजूला सरकायला वेळ मिळतो. युद्धाच्या बहुतेक नव्या गेम्समध्ये गोळी सुटते त्याच क्षणी लागते, त्यामुळे तिथे शहाणपण भिंतीआड बसण्यात. २००५ च्या कॉल ऑफ ड्यूटी २ पासून तर थोडा वेळ दडून बसलं की जखम आपोआप भरते, ही रीतच पडून गेली. डूममध्ये बसून काही भरत नाही. औषधाची पेटी पलीकडच्या कोपऱ्यात असते आणि मधे चार राक्षस उभे असतात. जगायचं तर पुढेच जावं लागतं.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. चौकोनी, मधे दोन खांब. उंच कठड्यावर दोन इम्प. जमिनीवर एक गुलाबी डीमन : हा काही फेकत नाही, फक्त अंगावर धावून येऊन चावतो. आणि अगदी मागे, दाराशेजारी, साखळी बंदूकवाला सैनिक. त्याच्या गोळ्या चुकवता येत नाहीत, म्हणून आधी त्यालाच उडवायला हवं. पण त्याच्यावर नेम धरायला खांबाबाहेर आलात की कठड्यावरून गोळे येतात, आणि गोळे चुकवायला सरकावं तर डीमननं ती जागा अडवलेली. अशा वेळी कसलेला खेळाडू काय करतो? डीमनला आपल्या आणि इम्पच्या मधोमध येऊ देतो. इम्पचा गोळा डीमनच्या पाठीत बसतो, डीमन चिडून उलटा फिरतो आणि त्या दोघांची जुंपते. तेवढ्यात आपण मागच्या सैनिकाचा हिशेब चुकता करायचा. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. बाजूला बसलेल्या माणसाला फक्त धडाड-धुडूम ऐकू येतं.

चित्रांबद्दलही सांगते. डूमचा पडदा आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके एवढाच होता, रंग २५६. एवढ्याशा जागेत शत्रू लांबून ओळखू यायचा तर आकार आणि रंग ठसठशीत हवेत. डूमचा चित्रकार एड्रियन कार्मॅक यानं काही राक्षसांच्या मातीच्या प्रतिकृती घडवल्या, त्यांचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घेतले आणि त्यावरून चित्रं केली. हातातल्या बंदुकांसाठी खेळण्यातल्या बंदुकांचे फोटो वापरले. ओबडधोबड दिसावं असा त्यांचा हेतू अजिबात नव्हता. त्यांना हवं होतं ते हे की कोण आलाय ते अर्ध्या नजरेत कळावं. आजच्या कित्येक देखण्या गेम्समध्ये पानांची सळसळ, धूर आणि धूळ यांच्या गर्दीत शत्रू शोधता शोधता डोळे दुखतात.

‘डस्क’ हा डेव्हिड शिमान्स्की यानं जवळजवळ एकहाती बनवला आणि पूर्ण रूपात तो आणला १० डिसेंबर २०१८ ला, म्हणजे डूमला बरोबर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी. तुमच्या मुलाची निवड चांगली आहे. एकदा शेजारी बसा आणि पडद्याऐवजी त्याच्या डाव्या हाताची बोटं बघा, पळणं-सरकणं तीच करतात. ती सेकंदभरही स्वस्थ नसतात.

प्रश्न : ‘बोल्टगन’ खेळताना माझी सगळी मजा किल्ल्या शोधण्यात जाते. शत्रू संपलेले, सगळीकडे शांतता, आणि मी त्याच त्या तीन दालनांत घिरट्या घालतोय. लाल दार सापडलं, पण लाल किल्ली कुठे आहे, ताई? दोष माझा की गेमचा?
— वाट चुकलेला

उत्तर : बराचसा गेमचा. आणि हा या जातकुळीचा सगळ्यात मोठा, कुणी मोकळेपणानं कबूल करत नाही असा दोष आहे.

डूमच्या मॅपमध्ये एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नसे. इंजिनाची, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, मर्यादाच ती. पण त्यामुळे अख्खी इमारत सपाट कागदावर काढता यायची. टॅबची कळ दाबली की रेषांचा नकाशा समोर, आणि कुठला कोपरा राहिलाय ते लगेच लक्षात यायचं. १९९६ च्या क्वेकनं खरीखुरी त्रिमिती आणली, मजल्यावर मजले चढले आणि नकाशा गेला तो गेलाच. नंतरच्या अनेकांनी क्वेकची उंची उचलली आणि नकाशाच्या जागी काय द्यायचं याचा विचारच केला नाही.

जाणत्या मॅपकाराला नकाशा न देताही वाट दाखवता येते. डूमची पहिलीच लेव्हल बघा, डूमच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या जॉन रोमेरोनं केलेली. सुरुवातीच्या खोलीच्या खिडकीतून बाहेरचं मोकळं आवार दिसतं आणि त्यात निळं चिलखत पडलेलं असतं. तिथे जायला सरळ वाट नाही. पण ते एकदा दिसलं की मनात घर करतं, आणि पुढे प्रत्येक भिंतीकडे आपण संशयानं बघायला लागतो. दाराचंही तसंच आहे. कुलूपबंद लाल दार आधी दाखवायचं, किल्ली नंतर द्यायची आणि किल्लीपासूनची वाट फिरवून त्याच दाराशी आणून सोडायची. मग खेळाडूला शोधाशोध करावी लागत नाही, त्याला आठवतं. ज्या गेममध्ये किल्ली आधी मिळते आणि दार कुठे आहे याचा पत्ता नसतो, तिथे समजा की मॅप घाईत उरकलाय.

तुमच्यासाठी दोन युक्त्या. किल्ली उचलताच किंवा बटण दाबताच कुठून तरी नवे शत्रू येतात. ते ज्या बाजूनं आले तिकडे जा, कारण त्यांना सोडायला उघडलेली भिंत बहुधा तुमचीही वाट असते. आणि कुठे मेलेले शत्रू पडलेले नाहीत ते बघत चला; जिथे प्रेतं नाहीत तिथे तुम्ही गेलेलाच नाही. (प्रेतं काही सेकंदांत गायब करणारे गेम्स मला म्हणूनच आवडत नाहीत.) तेही नको असेल तर २०२३ मध्ये नव्यानं आलेली क्वेक २ ची आवृत्ती घ्या. तिच्यात एक होकायंत्र आहे, ते वापरलं की पुढची वाट आखून मिळते. काही जुन्या खेळाडूंनी त्यावर नाकं मुरडली. मुरडू देत.

प्रश्न : दहा-पंधरा मिनिटांत मळमळायला लागतं. खेळायची तर फार इच्छा आहे.
— एक वाचक

उत्तर : सेटिंगमध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ (पडद्यावर किती अंशांचं दृश्य दिसतं तो कोन) शोधा आणि नव्वद ते शंभरच्या दरम्यान ठेवा. डूमनं नव्वद अंशांचा कोन दाखवला होता. टीव्हीपासून लांब बसून खेळायच्या गेम्समध्ये हा कोन बराच अरुंद असतो, आणि जवळच्या पडद्यावर तोच डोकं गरगरवतो. चालताना बंदूक आणि डोकं डुलतं ते बंद करा. पडदा हलणं, कडा धूसर होणं, सगळं बंद. खोलीत दिवा लावा, जरा मागे सरकून बसा. आणि मळमळ सुरू झाली की तिथेच थांबा. नेट लावून खेळल्यानं सवय होत नाही, उलट त्या गेमचीच शिसारी बसते. एवढं करूनही त्रास राहिला तर या वेगाचे गेम तुमच्यासाठी नाहीत. त्याला इलाज नाही.

प्रश्न : तुम्ही फार कौतुक करता. मी सात-आठ रेट्रो शूटर घेतले आणि एकही पुरा केला नाही. दालनात शिरलो की दारं बंद, शत्रूंच्या लाटा, सगळे मेले की दार उघडणार, पुढे पुन्हा तेच. वर कर्कश गिटार. यात जुनं काय आणि चांगलं काय?
— कंटाळलेला

उत्तर : जुनं तर त्यात फारसं नाहीच! दारं लावून लाटांवर लाटा सोडण्याची पद्धत डूम-क्वेकची नव्हे. ती रुजली २००१ च्या सीरियस सॅम आणि २००४ च्या पेनकिलरनंतर, आणि २०१६ च्या नव्या डूमनं तिला प्रतिष्ठा दिली. १९९३ च्या डूममध्ये बहुतेक वेळा भांडण अर्धवट सोडून पळता येतं. दुसऱ्या दारानं वळसा घालून मागून येता येतं, काही शत्रूंना हातही न लावता निघून जाता येतं. लढायचं कुठे हे आपण ठरवतो. दारं बंद केली की हा निर्णय गेला, आणि मॅपचा उरतो फक्त आखाडा.

माझी खरी तक्रार इथेच आहे. बरेच नवे लोक जुन्या गेमची कातडी उचलतात : ठिपक्यांची चित्रं, शॉटगन, रक्ताचे फवारे, टपोरी विनोद. मॅप उचलत नाहीत, कारण तेच सगळ्यात किचकट काम असतं. ठिपके तरी धड असावेत? पूर्वी चित्रकार त्या छोट्या आकारासाठीच एकेक ठिपका बसवायचा. आता गुळगुळीत मॉडेल करून त्यावर ठिपक्यांची गाळणी चढवतात, आणि लांबचा शत्रू नुसता चिखल दिसतो.

‘प्रोडियस’चं उदाहरण देते, कारण तो देखणा आहे, बंदुका ऐकायला झकास आहेत आणि त्यात फिरवून बघता येणारा नकाशासुद्धा आहे. पण मेलात की मागच्या थांब्यावर जिवंत होता आणि मारलेले शत्रू मेलेलेच राहतात. म्हणजे कितीही वाईट खेळा, थोडं थोडं करून दालन साफ होणारच. भीतीच गेली. मी तो पुरा केला खरा, पण एकही लढाई आज आठवत नाही.

आणि गिटारबद्दल : डूममध्ये प्रत्येक राक्षस जागा होताना आपापला आवाज काढतो. पाठीमागे कोण उठलं ते कानाला कळतं आणि हात आपोआप योग्य बंदुकीकडे जातो. संगीत एवढं मोठं ठेवायचं की हे ऐकूच येऊ नये, तर कानांचं कामच काढून घेतल्यासारखं. मी संगीत निम्म्यावर आणून ठेवते. तुम्हीही करून बघा.

मूळ गेम्सनाही मी सोवळ्यात ठेवत नाही. त्यातले शेवटचे मोठे राक्षस बहुतेक फुसके. डूमचा सायबरडीमन म्हणजे चार हजारांची ताकद भरलेलं एक धूड, त्याच्याभोवती गोल गोल फिरत गोळ्या घालत राहायच्या. क्वेकच्या शेवटच्या राक्षशिणीवर तर बंदूक चालतच नाही, योग्य क्षणी टेलिपोर्टमध्ये (एका जागेवरून क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या दारात) शिरून तिच्या अंगात प्रकट व्हायचं, आणि हे पहिल्यांदा कुणाला सुचतं देव जाणे. ड्यूक न्यूकेम थ्रीडीचे मॅप आजही बघण्यासारखे आहेत, पण त्यात बायकांना ज्या तऱ्हेनं दाखवलंय ते मला तेव्हाही किळसवाणं वाटलं आणि आजही वाटतं. त्याच गेमचं बिल्ड इंजिन वापरून २०१९ मध्ये ‘आयन फ्युरी’ आला, त्याची नायिका बाई आहे आणि ती नायिकेसारखीच वागते. एवढं तरी पुढे आलो.

मग खेळावं काय? दालनं बंद करायचीच असतील तर ‘अल्ट्राकिल’सारखी करावीत. तिथे शत्रूचं रक्त अंगावर उडालं तरच तुमची जखम भरते, म्हणजे मरायला टेकलात की लांब पळायचं नाही, उलट त्याच्या अंगावरच जायचं. बंद दालनाला त्यामुळे अर्थ येतो. ‘अमिड ईव्हिल’मध्ये प्रत्येक भागात जग बदलतं आणि शत्रूही बदलतात, त्यामुळे तुम्ही म्हणता तो कंटाळा येत नाही. आणि ‘ह्रोट’ : १९८६ सालचा चेकोस्लोवाकिया, एकट्या माणसानं पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला गेम. करडा, मातकट, विक्षिप्त. सगळ्यांना आवडणार नाही, पण दुसऱ्या कुणाची नक्कल मात्र वाटत नाही. यातलं एकही तुम्ही घेतलेल्या सात-आठांत नसेल, तर कंटाळ्याचा निकाल इतक्यात देऊ नका. असेल आणि तरीही कंटाळा आला असेल, तर सोडून द्या. छंद आहे, गृहपाठ नव्हे.

प्रश्न : खिशात दहा बंदुका घेऊन ताशी शंभरच्या वेगानं पळणारा माणूस तुम्हाला पटतो तरी कसा? दोनच बंदुका जवळ असणं जास्त खरं वाटत नाही का?
— वास्तववादी

उत्तर : वाटतं. २००१ मध्ये हेलोनं दोनच शस्त्रं ठेवली तेव्हा ‘हे टाकू की ते’ हा प्रश्न खेळात आला, आणि तो प्रश्न चांगलाच आहे. डूममध्ये सगळी शस्त्रं कायम जवळ असतात, म्हणून ‘आत्ता कुठलं’ हा प्रश्न सतत पडतो. मला दुसरा जास्त आवडतो. पटण्याचं म्हणाल, तर मी नरकातल्या राक्षसांशी लढतेय. तिथे खिशाच्या मापावरून कशाला भांडू?

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. चित्रं कार्टूनसारखीच असतात, तर मोठ्या भावाबरोबर खेळू द्यावं का?
— बाबा

उत्तर : नको. ठिपक्यांचं असलं तरी ते रक्तच, आणि आतडी ती आतडीच. हा वाद जुना आहे. व्हिडिओ गेम्समधल्या हिंसेवर अमेरिकेच्या सिनेटमध्ये ९ डिसेंबर १९९३ ला सुनावणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी डूम आला. वयाची मानांकनं देणारी तिथली ईएसआरबी ही संस्था पुढच्याच वर्षी उभी राहिली. जर्मनीत डूम १९९४ पासून २०११ पर्यंत अल्पवयीनांसाठी निषिद्ध यादीत होता.

पण धाकट्याला हिरमुसलेला बसवू नका. १९९६ मध्ये नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यातून ‘चेक्स क्वेस्ट’ नावाचा गेम वाटला गेला. तो डूमच्याच इंजिनावर चालतो, पण त्यात कुणी मरत नाही : हिरवे चिकट जीव येतात आणि आपण त्यांना त्यांच्या जगात परत पाठवतो. चकवाचकवी, किल्ल्या, गुप्त खोल्या, सगळं आहे. दोन्ही भावांना तोच द्या.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. मला स्वतःची लेव्हल बनवायची आहे. कॉम्प्युटर अगदी साधा आहे. कुठून सुरू करू?
— होऊ घातलेला मॅपकार

उत्तर : तुझा साधा कॉम्प्युटर पुरेसा आहे. डूमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, १९९७ च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांना खुला झाला, त्यामुळे आज तो वाटेल त्या यंत्रावर चालतो. ‘जीझेडडूम’ हे इंजिन, ‘फ्रीडूम’मधली चित्रं-आवाज-राक्षस आणि ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ हा मॅप बनवायचा एडिटर, तिन्ही फुकट आणि रीतसर मिळतात. जीझेडडूम फार जड वाटलं तर ‘चॉकलेट डूम’ वापर.

एडिटरमध्ये वरून पाहिल्यासारख्या रेषा ओढायच्या. रेषांनी बंद झालेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक सेक्टर. त्याला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड द्यायचा. बस. पहिला मॅप तीन खोल्यांचाच कर. प्रत्येक खोलीची जमीन वेगळ्या उंचीवर ठेव आणि उजेडही वेगळा ठेव, नाहीतर सगळं एकाच साच्यातून काढल्यासारखं दिसतं.

राक्षस ठेवण्याआधी आवाज कसा पसरतो ते समजून घे. तू गोळी झाडलीस की आवाज जोडलेल्या सेक्टरांतून पसरतो आणि तो ज्याच्यापर्यंत पोचतो तो राक्षस जागा होऊन तुला शोधत निघतो. रेषेला ‘ब्लॉक साउंड’ची खूण करता येते, पण एकच रेष आवाज थांबवत नाही, वाटेत अशा दोन लागाव्या लागतात. हे कळलं की ठरवता येतं : पहिल्या गोळीला कोण उठेल, कोण झोपून राहील, आणि तू किल्ली घेऊन परत वळशील तेव्हा वाटेत कोण उभा असेल. ज्याला आवाज ऐकूनही जागेवरच दबा धरून बसवायचं, त्याच्यासाठी वेगळी खूण आहे, ती मात्र जपून वापर. दार उघडताच बाजूच्या कोनाड्यातून अंगावर राक्षस, हे एकदा चालतं. तिसऱ्यांदा केलंस तर खेळणारा दार उघडून सरळ मागे सरकेल आणि तुझ्या सापळ्याला जांभई देईल.

झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी खेळून कळवीन. फक्त पहिल्याच खोलीत आर्चव्हाइल ठेवू नकोस. मेलेल्यांना उठवणारा तो राक्षस नवशिक्या मॅपकारांना फार प्रिय असतो, आणि हातात नुसतं पिस्तूल असताना मला तो मुळीच नको असतो.